ग्रॅनाइटचं वय कुठल्या घड्याळाचं, तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्याकडे ‘ग्रॅनाइट २५० कोटी वर्षांचा’ अशी चौकट वाचली, आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या बोरिवलीच्या घरी ओट्याचं काम निघालं होतं. आकडा चुकलेला नाहीये, बंगळुरूहून मैसूरला जाताना रामनगरचे गोल गोल डोंगर दिसतात ना, तो क्लोजपेट ग्रॅनाइट, त्यातल्या झिरकॉन या खनिजावरून त्याचं वय साधारण तेवढंच येतं. पण हे वय कशाचं, ते कुठंच लिहिलं नव्हतं.

झिरकॉनचा दाणा वाळूच्या कणाएवढा, कधी त्याहून बारीक, तयार होताना युरेनियमला आत घेतो पण शिशाला दारात उभं करत नाही, त्यामुळे आज त्यात सापडणारं शिसं युरेनियम मोडूनच झालेलं, ते किती साठलंय त्यावरून दाण्याचं वय काढतात. त्यातही युरेनियमच्या दोन प्रकारांची दोन घड्याळं, युरेनियम-२३८ अर्धं व्हायला ४४७ कोटी वर्षं आणि २३५ ला ७० कोटी, दोघांचं उत्तर जुळलं नाही तर समजायचं मधे कधीतरी शिसं गळलंय.

आता त्याच दगडातलं काळं अभ्रक घ्या. त्यात पोटॅशियमपासून आर्गॉन वायू होतो, आणि साधारण ३०० अंशांच्या वर तो आत टिकतच नाही, म्हणजे दगड थिजून कितीही काळ लोटलेला असो, नंतर भेगांमधून तेवढं गरम पाणी फिरलं की हे घड्याळ परत शून्यावर येऊ शकतं. एका दगडाची दोन वयं, दोन्ही खरी.

दुकानात एका लाल लादीवर पिस्ता रंगाची बारीक रेघ होती, बाजूचा फेल्स्पार, म्हणजे ग्रॅनाइटमधलं नेहमीचं खनिज, चकाकी जाऊन मळकट झालेला, दुकानदार म्हणाला डिफेक्ट आहे, कमी लावतो. अहो ती एपिडोट या हिरवट खनिजाची शीर, गरम पाणी गेल्याची खूण! मी बीएस्सी जिऑलॉजी करून जन्मभर बँकेत खर्डेघाशी केलेला माणूस, तीच लादी उचलली (बायको अजून ऐकवतेय).

आपल्या मुंबईतही तेच आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा बसाल्ट सुमारे ६ कोटी वर्षांचा, पण अशा काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक लाव्हा थिजल्यावर पाण्याने भरलेले, त्यांना बसाल्टचं वय कसं चिकटवणार?

तेव्हा पुढच्या वेळी आकड्यापुढे कंसात ‘झिरकॉन’ किंवा ‘अभ्रक’ तेवढं टाका, एका शब्दाची जागा लागेल.

– तुमचा जुना वाचक, बोरिवली