गोंगाट आहेच, पण मुद्दाम रचलेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतील ‘इंडस्ट्रियल म्युझिक’वरचा लेख वाचला. यंत्रांचा खडखडाट ध्वनिमुद्रित करून तो संगीत म्हणून खपवण्याचा प्रकार, अशी लेखकाने या संगीताची एका वाक्यात वासलात लावली आहे. आवडनिवड ज्याची त्याची. पण न आवडणे वेगळे आणि न ऐकताच निकाल देणे वेगळे.

‘इंडस्ट्रियल’ हे नाव रूढ झाले ते लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या चौकडीमुळे. १९७६ मध्ये त्यांनी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. ‘औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत’ हे तिचे घोषवाक्य. यात यंत्राची आरती नव्हती, टोमणा होता. गाणीही साच्यातून काढलेल्या मालासारखीच बाजारात येतात, मग तसे उघड सांगायला लाज कसली? जाहिरात, प्रचार, गणवेश, पंथ यांतून माणूस कसा ताब्यात घेतला जातो, हा या मंडळींचा खरा विषय. त्याच वर्षीच्या त्यांच्या प्रदर्शनावरून एका ब्रिटिश खासदाराने त्यांना ‘संस्कृतीचे विध्वंसक’ ठरवले. एवढी फुकट प्रसिद्धी हल्ली कुणाला मिळत नाही!

लेखकाचा मुख्य आक्षेप आहे तो ‘यात सूर नाही’ हा. ताणलेल्या तारेतून मूळ स्वराबरोबर जे उपस्वर निघतात, ते साधारण त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्येचे असतात, म्हणून कानाला एकच स्वर सापडतो. लोखंडी पत्र्याचे उपस्वर असे हिशेबात बसत नाहीत. मध्यावर ठोकला तर तो एक बोलतो, कडेला ठोकला तर दुसरेच. त्यामुळे तिथे रचना करायची ती सुरांची नव्हे, तर नादाच्या पोताची: कोणता आवाज किती खरखरीत, किती वेळ रेंगाळणारा, कशावर आदळून परतणारा. पश्चिम बर्लिनच्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या गटाने १९८० मध्ये महामार्गाच्या पुलाच्या पोकळ खांबात शिरून लोखंड वाजवले आणि ते ध्वनिमुद्रित केले. तिथे तो खांबही वाद्यच झाला होता. भंगार हाती आले म्हणून बडवले, इतके ते सोपे नाही. आणि ही कल्पनाही काही काल-परवाची नव्हे. इटलीच्या लुइजी रुसोलोने १९१३ मध्येच गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला होता आणि त्यासाठी यंत्रे बनवली होती.

यातले सगळेच थोर आहे, असा माझा दावा नाही. धक्का द्यायचा म्हणून हुकूमशाहीची चिन्हे मिरवायची आणि विचारले की ‘आम्ही फक्त आरसा धरतो’ म्हणायचे, ही पळवाट अनेकांनी वापरली. मागून आलेल्यांची गर्दी तर निव्वळ कर्कश. नाइन इंच नेल्स या लोकप्रिय अमेरिकन बँडनंतर गिटारचा आवाज जरा खरखरीत केला की झाले इंडस्ट्रियल, असाही समज पसरला. लेखात उल्लेखलेले बरेच बँड याच पंगतीतले आहेत. त्यांच्यावरून अख्ख्या प्रकाराची परीक्षा करणे अन्यायाचे वाटते.

लेखात ज्यांचा उल्लेख हवाच होता, ते लंडनचे टेस्ट डेप्ट मात्र गायब आहेत. भंगारातले लोखंड हेच त्यांचे ताल-वाद्य. ब्रिटनमधील १९८४-८५ च्या खाणकामगार संपात ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले आणि साउथ वेल्समधील संपकरी खाणकामगारांच्या गायनवृंदाबरोबर त्यांनी एक ध्वनिमुद्रिकाही काढली. एका बाजूला घणाचे घाव, दुसऱ्या बाजूला ज्यांची खाण बंद पडणार त्यांचे भरदार समूहस्वर. ‘या संगीताला माणसाशी देणेघेणे नाही’ असे लिहिण्यापूर्वी लेखकाने निदान एवढे तरी ऐकायला हवे होते.

आपला,
एक नियमित वाचक