वीजबिलाला देणगीदार मिळेल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘मार्च आला की विश्वस्त संस्थांचं रडगाणं सुरू होतं, चांगल्या वर्षी चार पैसे गाठीला का बांधत नाहीत?’ असा सवाल आपल्या पत्रव्यवहारात एका गृहस्थांनी केला आहे. मी राष्ट्रीयीकृत बँकेत छत्तीस वर्षं काढली आणि गेली सहा वर्षं एका छोट्या न्यासाची बिनपगारी खजिनदार आहे. तेव्हा प्रश्न माझ्याच टेबलावर आला असं समजून उत्तर देते. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर हे पत्र देणगीचं आवाहन ठरेल.

खडकवासला मागे टाकून पानशेतकडे जाताना आमचं निवासी शिबिर केंद्र आहे. साठ जणांची राहण्या-जेवणाची सोय. मौन शिबिरं, शिक्षकांची शिबिरं, उन्हाळ्यात मुलांची. महिन्याचा खर्च १ लाख ६५ हजार, त्यातला निम्म्याहून अधिक पाच जणांच्या पगाराचा. शुल्क, ठेवींचं व्याज आणि देणग्या मिळून एरवी वर्ष निभतं.

२०२५-२६ मध्ये निभलं नाही. मे महिन्यातच पाऊस कोसळायला लागला, २६ मेला तर मोसमी पाऊस पुण्यात अधिकृतपणे दाखल झाला. मुलांची दोन शिबिरं रद्द करून शुल्क परत केलं. १५ जूनला मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल पडला. त्यानंतर पालकांचा पहिला प्रश्न एकच, ‘धरणाजवळ आहे ना? मग नको.’ त्यांना दोष कसा देणार? हिंजवडीच्या एका कंपनीने दिवाळीनंतरचे दोन शनिवार-रविवार ठरवले होते, तेही आयत्या वेळी सोडले.

व्याजाचं सांगते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. आमच्या चाळीस लाखांच्या ठेवीचं नूतनीकरण नेमकं त्यानंतर आलं. सव्वासातचे सव्वासहा झाले, म्हणजे वर्षाला चाळीस हजार गेले. माझ्या मुलाचा गृहकर्जाचा हप्ता त्याच कारणाने कमी झाला, त्यामुळे घरात यावर बोलायची सोय नाही.

आणि देणग्या. दर मार्चला न चुकता पंचवीस हजारांचा धनादेश पाठवणारे एक सद्गृहस्थ या वेळी फोनवर म्हणाले, ‘अहो, आता तुमच्या पावतीचा मला उपयोग नाही.’ खरंच नाही. नव्या करप्रणालीत ८० जी ची, म्हणजे धर्मादाय देणगीवरची, वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून वेगळं कळवलं नाही तर तीच प्रणाली लागू धरली जाते. २०२५ च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न त्या प्रणालीत करमुक्त केल्यावर तर पगारदार माणूस जुनीकडे कशाला वळून बघेल? इतकी वर्षं लोक आमच्या कामाला देत होते की पावतीला, हे कळण्याची वेळ आली. उत्तर निम्मं-निम्मं निघालं.

सगळं मिळून सुमारे सहा लाखांची तूट.

आता त्या गृहस्थांचा मुद्दा. धर्मादाय न्यासाला करसवलत टिकवायची तर उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. विनाअट बाजूला ठेवता येतात ते १५ टक्के. त्याहून जास्त साठवायचं तर विशिष्ट कारण दाखवून, ठरावीक मुदतीसाठी. घरासारखी पुंजी जमवता येत नाही. पण हेही कबूल करते की ते १५ टक्केसुद्धा आम्ही धड ठेवले नव्हते. चार वर्षांपूर्वी एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ भोजनगृहासाठी मोठी रक्कम दिली. ती पुरली नाही, वरची भर आम्ही शिलकीतून घातली. भोजनगृह देखणं झालं. दाराशी संगमरवरी पाटी, आत बारा पंखे, प्रत्येक पंख्याच्या पात्यावर एकेका देणगीदाराचं नाव. नाव वाचायचं तर पंखा बंद करावा लागतो, आणि पंखा चालवायचा तर वीजबिल भरावं लागतं. वीजबिलावर नाव घालायला मात्र आजवर कोणी पुढे आलेलं नाही.

विश्वस्तांच्या सभेत सूचनांचा पाऊस पडला. लग्नांना आवार भाड्याने देऊ. तीन वर्षांहून अधिक मुदतीने द्यायचं तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून अकरा-अकरा महिन्यांचे करार करू, अशी पुढची अक्कलही निघाली. मौन शिबिराच्या भिंतीला लागून डीजे! कर्ज काढू, तर त्यालाही आयुक्तांची परवानगी. ठेव मोडू, तर ती कायम निधीची, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचं. देणाऱ्यांनी तसं लेखी देऊन ठेवलेलं. विपश्यनेसारखं विनाशुल्क करू, लोक आपणहून देतील, असंही एक जण म्हणाले. इगतपुरीला १९७६ पासून ते चाललंय हे खरं, पण तिथे आधी शिबिर केलेला साधक पुढच्याच्या जेवणाचे पैसे देतो, हा शिरस्ता पिढीभरात मुरलेला आहे. सहा लाखांच्या तुटीत तो एका ठरावाने येत नाही.

आम्ही पगारांना हात लावला नाही. विश्वस्तांचा पेट्रोलखर्च बंद केला. तीनपैकी दोन निवास आठवडाभर कुलूपबंद ठेवले. मार्केट यार्डातल्या भुसार व्यापाऱ्यांकडून दीड महिन्याची उधारी मागितली. मागताना जीभ अडखळली, पण त्यांनी दिली. जेवणात काटछाट करायची नाही यावर मात्र मी अडून बसले. पिठलं पातळ झालं की माणसाला संस्था बुडत्येय हे ताबडतोब कळतं.

मग मला माझे वडील आठवले. कोकणातून शिकायला आले तेव्हा सदाशिव पेठेत वार लावून जेवले. सात घरं, सात वार. कोणा एका घरावर भार नाही, आणि मुलगा उपाशी नाही. मी महिन्याच्या १ लाख ६५ हजारांना तीसने भागलं. साडेपाच हजार. केंद्राचा एक दिवस. जुन्या शिबिरार्थींना हाताने पत्रं लिहिली. वर्षातला एक वार घ्या, वाढदिवस, श्राद्ध, काहीही. पाटी लागणार नाही, पंख्यावर नाव येणार नाही. त्या दिवशी दूध किती आलं, भाज्या कोणत्या, वीज किती जळली, हे पोस्टकार्डावर कळवू. सोबत ताळेबंदाची प्रत जोडली, तुटीच्या आकड्यासकट. आमच्या अध्यक्षांना ते आवडलं नव्हतं. संस्था बुडत्येय असं दिसलं की लोक पाठ फिरवतात, असं त्यांचं म्हणणं.

मार्चअखेर ९७ वार लागले. पाच लाख तेहेतीस हजार पाचशे. ८० जी ची पावती नको असणारे ते सद्गृहस्थही त्यात आहेत, आईच्या तिथीला. उरलेली तूट ताळेबंदात तूट म्हणूनच दाखवली आणि वार्षिक सभेत अहवालाच्या आधी वाचली.

तेव्हा पत्रलेखक महाशयांना आणि देणाऱ्या सर्वांनाच एक विनंती. पुढच्या वेळी कुठल्याही संस्थेला धनादेश द्याल तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत सवयीने ‘कायम निधीसाठी’ किंवा ‘इमारतीसाठी’ लिहू नका. ‘चालू खर्चासाठी’ लिहा. त्या दोन शब्दांनी खजिनदाराचे हात मोकळे होतात.

नव्या वर्षाच्या वहीत एप्रिल भरत आला आहे. आषाढ-श्रावणातल्या तारखा मात्र जवळपास कोऱ्या आहेत. पावसाळ्यात पुण्यात कोणी जन्मतच नाही की काय, कोण जाणे.

आपली,
एक खजिनदार
कोथरूड, पुणे