आयटीआयच्या प्रवेशफेऱ्याही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून-जुलै आला की इंजिनिअरिंगचे कटऑफ आणि सीईटीचे पर्सेंटाइल यांना आपल्या दैनिकात पानेच्या पाने मिळतात. आयटीआयच्या प्रवेशफेरीला आतल्या पानावर चार ओळी. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवणारा निवृत्त शिल्प निदेशक, तेव्हा मला हे जरा जास्तच लागते म्हणा.

प्रवेशाला येणारे बहुतेक पालक एकाच वाक्याने सुरुवात करायचे, ‘सर, मार्क कमी पडले, म्हणून इकडं आणलाय.’ पोरगा शेजारीच उभा असायचा. तोच पोरगा पुढे मोठी मोटर सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी आकृती न बघता करायचा. आमच्या कृष्णा-कोयनाकाठी विजेच्या तीनपैकी एक फेज गेला की शेतातली साडेसात हॉर्सपॉवरची मोटर जळते, उसाचे पाणी थांबते आणि रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागते; तेव्हा असाच पोरगा लागतो. मुलींनाही हा ट्रेड खुला आहे, पण घरचेच त्यांना शिवणकामाकडे वळवतात.

‘मग डिग्रीचं काय?’ हा पालकांचा पुढचा प्रश्न. दहावीनंतर दोन वर्षांचा हा ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दोन, दोन आणि तीन, अशी सात वर्षे. बारावीमार्गे सहा लागतात. एका जादा वर्षात हाताला कसब येते. मात्र आयटीआयची मुले डिप्लोमाच्या गणितात अडखळतात, कारण पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी केलेलेच नसते. ती तयारी आधीच करून घ्यावी.

ज्याला गणित मनापासून आवडते त्याने सरळ इंजिनिअरिंगला जावे. सबस्टेशनचा फॉल्ट करंट (बिघाडाच्या वेळी वाहणारा करंट) काढणे, तो बिघाड ओळखणाऱ्या रिलेचे सेटिंग ठरवणे यासाठी ते शिक्षण लागतेच. माझा आक्षेप आहे तो मिळेल त्या कॉलेजात, मिळेल त्या शाखेला, शेत गहाण टाकून घेतलेल्या प्रवेशाला.

आयटीआयची बाजूही सगळी गोड नाही. अॅप्रेंटिसशिप न करता ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर गेलेली मुले बऱ्याचदा तिथेच राहतात. काही ठेकेदार रबरी हातमोजेही न देता खांबावर चढवतात. अॅप्रेंटिसशिप पुरी केली, अनुभव घेऊन परवाना काढला, तर स्वतःच्या नावावर कामे घेता येतात. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीलाही हाच ट्रेड चालतो. शिवाय घरांच्या छपरावर सौर पॅनेल बसवायला केंद्राचे अनुदान आहे, त्या कामालाही माणसे लागतातच.

यंदा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेशफेऱ्यांचे वेळापत्रक, कटऑफसह, इंजिनिअरिंगच्याच पानावर छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिल्प निदेशक, कराड