झाकण्याआधी दाखवायला लावणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी ओळंबा लाव" म्हणून वाटेला लावता, म्हणून हे उघड पत्र. घराचं नूतनीकरण कुणाच्या हाती द्यावं, असं लोक आम्हाला विचारतात. आम्ही जे सांगतो, त्यातलं बहुतेक तुमचंच असतं.

कोटेशनं तीन पुरेत, पण तिघांनाही कामाची एकच यादी द्यायची, हे तुमचं पहिलं सांगणं. सगळ्यात स्वस्त कागदात बहुधा राडारोडा उचलणं नसतं, जुना गिलावा फोडणं नसतं, वायरिंगच्या झिऱ्या, म्हणजे भिंतीत पाडलेल्या खाचा, बुजवणं नसतं, टाइल कापताना वाया जाणारा ५ ते १० टक्के मालही धरलेला नसतो. हे सगळं पुढे 'एक्स्ट्रा' होऊन दारात उभं राहतं. "प्लायवूड चांगल्या कंपनीचं" असलं वाक्य तुम्ही सरळ खोडायचात. जाडी किती मिलिमीटर, ग्रेड कोणता, ओल सोसणारं की साधं, ते लिहा. रंगाचं माप दारं-खिडक्या वजा करून घेणार की धरून, तेही लिहा. दोन्ही पद्धती चालतात, मोघमपणा चालत नाही.

पूर्ण झालेलं घर बघायला जाऊ नका, अर्धवट साइट बघा, हा सल्ला तर लाखमोलाचा. रंग लागला की सगळीच घरं देखणी. चालू कामावर मात्र कळतं की रेती चाळलेली आहे का आणि सिमेंटची पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब रचली आहेत का. घट्ट होऊ लागलेल्या सिमेंट-रेतीच्या मालात पाणी ओतून तो पुन्हा कालवणारा गवंडी दिसला, तर तिथूनच परत फिरावं. तो माल भिंतीला लागतो, पण त्याची ताकद गेलेली असते आणि गिलावा पुढे पोकळ वाजतो. जुन्या गिऱ्हाइकालाही "काम कसं केलं?" असं विचारायचं नाही. "गळती झाली तेव्हा त्याने फोन उचलला का?" असं विचारायचं.

पण तुमचा खरा हट्ट झाकल्या जाणाऱ्या कामाचा. भिंतीतल्या नळांना पंपाने पाण्याचा दाब देऊन दाब दाखवणारा काटा स्थिर राहिल्याशिवाय गिलावा नाही. वायर दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, साध्या सॉकेटला २.५, गीझरला ४, आणि गिलाव्याआधी मालकाने ती डोळ्यांनी पाहायची. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग सुकलं की निचऱ्याचं तोंड बंद करून दोनेक इंच पाणी साठवायचं, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. शेजारी पाण्याची बादली ठेवून तिच्यातही रेघ मारायची तुमची युक्ती आम्ही सगळीकडे वापरतो: दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं तर ते वाफ होऊन गेलं, बाथरूममध्ये जास्त उतरलं तर ते कुठेतरी मुरतंय. खालच्या मजल्याचं छत बघायचं ते वेगळंच. या चाचणीला "एवढी काय गरज?" म्हणणाऱ्या ठेकेदाराशी तुम्ही पुढे बोलतच नाही. आम्हीही तेच करतो.

पैशांचं तुमचं गणित रोखठोक. ॲडव्हान्स सुरुवातीच्या मालापुरता, पुढचे हप्ते तारखेवर नव्हे तर टप्प्यावर: नळ-वायरची चाचणी झाली की एक, टाइल बसल्या की एक. मोठा ॲडव्हान्स मागणारा बरेचदा याची टोपी त्याच्या डोक्यावर घालत असतो, म्हणजे तुमच्या पैशातून आधीच्या गिऱ्हाइकाचं काम उरकतो. शेवटचे ५ ते १० टक्के काही महिने राखून ठेवायचे आणि ते करारातच लिहायचं. चांगला ठेकेदार याला कुरकुरतो, पण मान्य करतो. इथे तुमच्याशी थोडा वाद आहे: छोट्या ठेकेदाराला मजुरी रोज द्यावी लागते, तेव्हा हप्ते लहान आणि जास्त ठेवावेत, असं आम्हाला वाटतं.

आणि हो, गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला मेजरटेप लावून फोटो काढायची सवय तुम्ही लावलीत. आरसा टांगायला ड्रिल लावताना आत नळ कुठून गेलाय, ते त्या फोटोत इंचासकट दिसतं. त्यासाठी वेगळे आभार.

आपले,
तुमच्या हाताखाली तयार झालेले सुपरवायझर