मेल्यावर छापता, वाढदिवसाला पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

जुन्या फुटबॉलवाल्यांच्या बातम्या मी पेपरातनं कापून एका वहीत चिकटवतो. परवा वही चाळली तर लक्षात आलं, मागच्या पाचसहा वर्षांतलं प्रत्येक कात्रण निधनाचं आहे. २० मार्च २०२० ला पी. के. बॅनर्जी गेले, ३० एप्रिलला चुनी गोस्वामी, २०२१ च्या मे मध्ये गोव्याचे फॉर्च्युनॅटो फ्रँको, २०२२ च्या ऑगस्टमध्ये बद्रू बॅनर्जी, २०२३ च्या फेब्रुवारीत तुलसीदास बलराम. चुनीदांचं पोस्टाचं तिकीट जानेवारी २०२० मध्ये निघालं, मी म्हणलं आता तेच तिकीट लावून त्यांनाच पत्र पाठवू, मस्त होईल, आणि आज पाठवू उद्या पाठवू करत लॉकडाऊन लागला आणि ते गेलेच. ते न लावलेलं तिकीट अजून वहीत आहे.

मला छंद आहे रिटायर झालेल्या फुटबॉल प्लेयर्सच्या सह्या पोस्टानं मागवायचा. घरचे म्हणतात सह्याच पायजेत तर क्रिकेटवाल्यांच्या घे, चार लोकं विचारतील तरी. (तसं बघितलं तर चुनीदा दोन्हीकडचे, १९७१-७२ ची रणजी फायनल मुंबईविरुद्ध बंगालचे कॅप्टन म्हणून खेळलेत, पण ते असो.) मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेला माणूस, पीटीएम आणि खंडोबा या आमच्या इथल्या तालमींच्या टीमची मॅच असली की आमच्या घरात दुपारचं जेवण अकरालाच व्हायचं, त्यामुळं माझ्यासाठी हिरो म्हणजे १९६२ ची जकार्ताची टीम. ४ सप्टेंबरची ती एशियन गेम्सची फायनल, साऊथ कोरिया २-१, पहिला गोल पीकेंचा आणि दुसरा जर्नैल सिंगचा, जो मूळचा डिफेंडर आणि डोक्याला टाके पडलेले असताना कोच रहीम साहेबांनी त्याला फॉरवर्डला खेळवला. त्याच्या आधी १९५६ ला मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो, बद्रूदा कॅप्टन, आणि ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं त्यात आपल्या मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक. हे आत्ता पोरांना सांगितलं तर ती मोबाईल काढून खरंखोटं तपासतात.

तर पद्धत अशी. पोस्टकार्डाच्या साईजचं एक जाड कोरं कार्ड, एक फोटो, एका पानाचं पत्र आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. फोटो चकचकीत कागदावर काढायचा नाही, बॉलपेन चालत नाही आणि जेल पेनाची शाई पुसते, म्हाताऱ्या माणसाचा तळहात फोटोवर टेकतो हे आपल्याला कळायला पायजे. फोटो दुमडू नये म्हणून शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा घालायचा. इथं मी पहिल्यांदा माती खाल्ली, परतीच्या पाकिटाला पाचच रुपयांचं तिकीट लावलं, पाच रुपयांत वीस ग्रॅम जातं आणि पुठ्ठ्यासकट वजन झालं जास्त, मग माझंच पाकीट माझ्याच दारात नॉटपेड, म्हणजे तिकीट कमी पडलेलं, येऊन पडलं आणि दुप्पट भरून सोडवलं. पोस्टमन हसत होता. दुसऱ्यांदा "फोटो आहे, दुमडू नये" असं लाल शाईनं लिहिलं होतं तर कुठंतरी बरोब्बर त्या वाक्यावरच घडी पडलेली, आता कुणाला बोलणार.

पण येतात ओ उत्तरं. मी चाळीसेक पत्रं पाठवली असतील, त्यातल्या निम्म्याहून कमी परत आली, पण आली ती काय आली. नावं लिहीत नाही कारण घरचे पत्ते मला विश्वासानं मिळालेत आणि उद्या त्यांच्या दारात गठ्ठे पडायला नकोत. एका साहेबांना मी नेटवरनं काढलेला टीमचा ग्रुप फोटो पाठवलेला आणि एका उभ्या माणसाभोवती पेन्सिलीनं गोल करून लिहिलं होतं, "इथे सही करावी". फोटो परत आला त्यात तो गोल खोडरबरानं नीट पुसलेला, आणि खाली बसलेल्या डावीकडनं तिसऱ्या माणसाच्या बुटाजवळ सही, आणि बाण काढून हिंदीत लिहिलंय, "मैं यह हूँ." मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की बायकोला वाटलं मटका लागला.

आणखी एक गंमत म्हणजे रजिस्टर एडीनं पाठवलं की पोचपावतीचं कार्ड परत यायचं, त्यावर घेणाऱ्याची सही. बऱ्याचदा ती मुलाची नाहीतर सुनेची असायची, पण दोन कार्डांवर खुद्द प्लेयरची आहे. फोटोवरची सही कशी ऐटीत, मोठी, नावाखाली रेघ मारलेली, आणि पोचपावतीवरची घाईत, दारात उभं राहून पोस्टमनच्या पेनानं केलेली, वाकडी. मला विचाराल तर ती वाकडीच जास्त आवडते. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, त्यामुळं ती दोन कार्डं आता मी लॅमिनेशन न करता नुसती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीत.

आता तुमच्याकडं मागणं. हे लोक जिवंत असताना त्यांचा वाढदिवस छापा. चार ओळी पुरे, कुठल्या टीममध्ये होते, कुठल्या जागी खेळायचे, आणि पत्र पाठवायला त्यांच्या जुन्या क्लबचा नाहीतर राज्य असोसिएशनचा पत्ता, तो पण त्यांना विचारून. घरचा पत्ता नको. कारण काही महाभाग एका पाकिटात दहा दहा कार्डं कोंबून पाठवतात आणि मग त्या सह्या विकायला काढतात, एकदा असं झालं की तो म्हातारा माणूस वैतागून सगळ्यांनाच सह्या द्यायचं बंद करतो. ऐंशी वर्षाच्या माणसाला दहा सह्या म्हणजे काय चेष्टा आहे का. एक पत्र, एक सही, आणि एक जादा फोटो त्यांना ठेवायला, असंच पायजे.

आणि फक्त ऑलिंपिकवालेच नको, आपल्या पेठेतले पण घ्या. आमच्या इथं एक जुने गोलकीपर आहेत, माझ्या लहानपणी पावसाळी चिखलात त्यांनी अडवलेली पेनल्टी मला अजून दिसते. समोर जाऊन सही मागायचं धाडस काय होईना, म्हणून त्यांना पण पोस्टानंच पाठवलं, कार्ड, पाकीट, तिकीट सगळं. पाचव्या दिवशी स्वतः दारात हजर. म्हणले, "काय रे, तीन गल्ल्या सोडून राहतोस आणि पोस्टानं पाठवतोस, तिकिटाचे पैसे जास्त झालेत का?" सही केलेलं कार्ड हातात दिलं, तिकीट लावलेलं कोरं पाकीट पण परत दिलं आणि चहा पिऊन गेले. जाताना मी वाढदिवस विचारून घेतला, तुम्हाला कळवायचा म्हणून. म्हणले, शाळेत गुरुजींनी १ जून लावलाय, खरा कुणाला ठावं.

तर १ जूनला छापा साहेब, चालतंय.

आपला एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर