नसल्यास, विलंबाची कारणे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात सिंहगड रोडला किरकटवाडीत राहतो. राज्य सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो, ३१ वर्षं नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झालो. तुमच्या पेपरात महापालिकेच्या निवडणुकीनंतर रोज वाचकांची पत्रं येतायत, नवीन नगरसेवकांनी काय करावं म्हणून, रस्ता करा, ड्रेनेज करा, पाणी द्या, कचरा उचला. सगळं बरोबरच आहे. पण मला नगरसेवकांकडून एकच गोष्ट हवीये आणि ती कोणी मागत नाही म्हणून हे पत्र. त्यांनी प्रश्न विचारावेत, लेखी विचारावेत, आणि उत्तर हातात पडेपर्यंत ते सोडू नयेत.

हे मी का म्हणतोय ते सांगतो. आमच्या ऑफिसात एक शब्द ऐकला की सगळे ताठ बसायचे, एलएक्यू. म्हणजे विधानसभेतला नाहीतर परिषदेतला तारांकित प्रश्न, ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं. कुठल्यातरी आमदारानं विधानभवनात प्रश्न टाकलेला असायचा, तो मंत्रालयातून खाली येत येत आमच्या टेबलावर यायचा आणि वर लिहिलेलं असायचं, माहिती आजच पाठवा. मग संध्याकाळी घरी जायचं नाव नाही, जुनी फाईल शोधा, पानांना खुणेच्या पताका लावा, तारखा जुळवा, शिवाय मंत्र्यांना उपप्रश्न आले तर म्हणून वेगळी टिपणी. डिसेंबरात अधिवेशन नागपूरला, म्हणजे ते कागद नागपूरला पोचवायचे. आम्ही कुरकुर करायचो, पण खरं सांगतो, चार-चार वर्षं हलली नाही अशी फाईल एका प्रश्नामुळे दोन दिवसांत हललेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीये. उत्तर सभागृहात तोंडी दिलं गेलं का नाही, त्याला वेळ मिळाला का नाही, ते नंतरचं. गोंधळात अख्खा प्रश्नोत्तराचा तास वाहून जातो हे आपण टीव्हीवर बघतोच. पण प्रश्न आला म्हणून कोणीतरी फाईल उघडायची, आणि उघडली की आतलं दिसायचंच. माझ्या मते प्रश्नाचं खरं काम तिथेच होतं.

त्या प्रश्नांची छापील भाषा ज्यांनी वाचलीये त्यांना माहितीये. "हे खरे आहे काय?", मग "असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?", आणि शेवटची ओळ ठरलेली, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तरात खाली कितीतरी वेळा "प्रश्न उद्भवत नाही". ते तीन शब्द मी स्वतः टाईप केलेत, शेकडो वेळा. आता या वयात ते आठवले की त्रास होतो, कारण काही वेळा प्रश्न उद्भवत होता आणि आम्हाला ते माहीत होतं.

दुसरी गोष्ट, माझी मुलगी एडिंबराला असते. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा ती आम्हाला एका गुरुवारी स्कॉटलंडच्या पार्लमेंटमध्ये घेऊन गेली. प्रेक्षक गॅलरीत बसायला पैसे लागत नाहीत, तिकीट आधी काढून ठेवायचं, बॅगा तपासतात आणि सोडतात. दुपारी बाराला फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यांना, प्रश्न विचारायचा कार्यक्रम सुरू होतो, पाऊण तास. जॉन स्विनी तेव्हा नुकतेच फर्स्ट मिनिस्टर झाले होते. सभागृह एकूण १२९ आमदारांचं, आधी विरोधी पक्षांचे नेते विचारणार, एकाच विषयावर परत परत, मग बाकीचे. दर गुरुवारी, अधिवेशन चालू असेपर्यंत चुकत नाही. आता मी घरी बसून लाईव्ह बघतो, आपल्याकडे थंडीत साडेपाचला लागतं आणि उन्हाळ्यात साडेचारला.

स्कॉटलंडचं सरकार म्हणजे काही स्वतंत्र देशाचं सरकार नाही. लंडननं १९९८ च्या कायद्यानं काही अधिकार वाटून दिले, दवाखाने, शाळा, पोलीस, रस्ते यांच्याकडे, आणि संरक्षण, परराष्ट्र, इमिग्रेशन लंडनकडेच. त्यामुळे तिथेही ही पळवाट आहेच की हे आमच्या हातात नाही, लंडन पैसे देत नाही वगैरे. पण समोर विचारणारा उभा असला की निदान कोणती गोष्ट कोणाच्या अखत्यारीत ते तरी बोलावं लागतं, आणि बोललेलं शब्दन् शब्द त्यांच्या वेबसाईटवर येतं. लेखी प्रश्नाला नंबर असतो आणि अधिवेशन चालू असताना साधारण कामाच्या दहा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. तो नंबर टाकून मी इथे किरकटवाडीत बसून ते उत्तर वाचू शकतो.

तिकडचा एक रस्ता आहे, ए-९, पर्थ ते इनव्हर्नेस. २०११ मध्ये तिथल्या सरकारनं सांगितलं की हा पूर्ण दुपदरी दुतर्फा रस्ता २०२५ पर्यंत करू. २०२३ च्या फेब्रुवारीत मंत्र्यांना सभागृहात उभं राहून सांगावं लागलं की २०२५ जमणार नाही, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नवीन तारीख दिली, २०३५ ची अखेर. दहा वर्षं पुढे! म्हणजे तिथेही आश्वासनं मोडतात, मी काही तिकडचे गोडवे गात नाहीये. पण पुढे काय झालं बघा, या रस्त्यावर एका साध्या नागरिकाचा अर्ज पार्लमेंटच्या याचिका समितीकडे होता, समितीनं तो उचलून चौकशी केली आणि निकोला स्टर्जन, ज्या आठ वर्षं फर्स्ट मिनिस्टर होत्या, त्यांनासुद्धा खुर्चीवरून उतरल्यानंतर बोलावून विचारलं की तारीख का चुकली, तुम्हाला कधी कळलं. रस्ता त्यानं झाला नाही. पण तारीख कोणी दिली, कधी चुकली, चुकणार हे आत कोणाला कधी माहीत होतं, हे सगळं कागदावर आलं.

आपल्याकडे विधिमंडळात आश्वासन समिती असते, मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचं पुढे काय झालं ते बघायला. किती जणांना माहितीये? पेपरात तिची बातमी वर्षातून कितीदा येते?

आता पुण्याकडे येतो. महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक. घटनेत स्पष्ट लिहिलंय की मुदत पाच वर्षं, त्यापेक्षा जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक. ओबीसी आरक्षण, प्रभागांची फेररचना, कोर्टातल्या तारखा असं करत करत शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार आठवड्यांत निवडणुका जाहीर करा, आणि प्रत्यक्ष मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं मुख्य सभेत नगरसेवकच नव्हते. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून त्याच माणसानं तो मंजूर करायचा, अशी ती व्यवस्था. मी कुठल्याही आयुक्तांवर आरोप करत नाहीये, कष्टाळू अधिकारी मी नोकरीत खूप पाहिलेत. पण २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं बजेट मंजूर होताना एकाही निवडून आलेल्या माणसानं उभं राहून विचारलं नाही की हा पैसा इथे का आणि तिथे का नाही. माझ्या जुन्या ऑफिसात एक छोटी खरेदी असली तरी तीन सह्या लागायच्या हो!

आमच्या पट्ट्यात तर अजून वेगळं. ३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेत घेतली, त्यात किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, नऱ्हे, वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी अशी सगळी. त्या दिवशी ग्रामपंचायत गेली, म्हणजे ज्या सरपंचांना रस्त्यात अडवून विचारता यायचं ते पद गेलं. त्या जागी नगरसेवक आला तो साडेचार वर्षांनी. आणि मधेच, गावं घेतल्यावर पुढच्याच महिन्यात, या गावांच्या विकास आराखड्याचं काम पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिलं गेलं. म्हणजे टॅक्स एकीकडे, आराखडा दुसरीकडे, आणि मध्ये विचारायला कोणीच नाही. मी स्वतः एका कार्यालयात पाण्याबद्दल अर्ज दिला होता, पोच मिळाली, तारखेचा शिक्का स्वच्छ आहे, अजून जपून ठेवलीये. उत्तर नाही आलं. मला त्या टेबलावरच्या माणसाचा राग नाही आला कारण मी त्याच टेबलावर बसलोय, त्याला वरून कोणी विचारत नसेल तर अर्ज गठ्ठ्यात खाली खाली जातो.

आणि मग २०२५ चा जानेवारी आला. नांदेड, किरकटवाडी, धायरी, या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन बारी सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) पेशंट निघायला लागले, पुणे परिसरात सगळे मिळून संशयित आणि पक्के धरून आकडा दोनशेच्या वर गेला. पाण्याचे नमुने घेतले, विहिरीवर कॅमेरे आले, चॅनेलवाले आले, आम्ही घरोघरी पाणी उकळत बसलो, माझी बायको दोन महिने नातवाला नळाच्या पाण्यानं चूळसुद्धा भरू देत नव्हती. तेव्हा मला राहून राहून वाटायचं की २०२१ च्या जुलैपासून आमच्या गावाचा एक माणूस सभागृहात असता आणि त्यानं दर महिन्याला नुसतं एवढंच विचारलं असतं की या गावांना शुद्ध केलेलं पाणी कोणत्या तारखेपासून, तर? आजार टळला असता असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण ती फाईल उघडली गेली असती. हे मी खात्रीनं सांगतो.

आता १६५ नगरसेवक आहेत, ४१ प्रभाग, बहुतेक ठिकाणी चार-चार जण. चौघं असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा विचारेल, आणि मतदारालाही कळत नाही कोणाला धरायचं. त्यात सत्तेतल्या पक्षाचे नगरसेवक म्हणतात आपल्याच लोकांना प्रश्न कसे विचारायचे. का नाही विचारायचे? विधिमंडळात सत्ताधारी आमदारांचे प्रश्न आमच्याकडे ढिगानं यायचे, आणि खरं तर त्यांचेच प्रश्न जास्त नेमके असायचे कारण त्यांना आतलं माहीत असायचं. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाव यावं म्हणून जेवढी धावपळ होते तेवढी एका लेखी प्रश्नासाठी करा. समान पाणीपुरवठ्यासाठी जून २०१७ मध्ये महापालिकेनं २०० कोटींचे बॉण्ड (कर्जरोखे) काढले होते, आपल्या सगळ्यांना तेव्हा अभिमान वाटला होता, त्या योजनेची आज प्रभागवार स्थिती काय? एचसीएमटीआर, म्हणजे शहरातला नियोजित वर्तुळाकार रस्ता, १९८७ च्या आराखड्यातला, तो होणार आहे का नाही? नाही तर नाही सांगा, जागा अडकलेल्या लोकांना मोकळं करा.

संपादक महोदय, तुमच्याकडे एक विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस, अर्धा कॉलम चालेल, एवढंच छापा: कोणत्या नगरसेवकानं कोणता प्रश्न विचारला, कोणत्या तारखेला, उत्तर आलं का, आलं तर काय. ज्यांनी एकही विचारला नाही त्यांच्या नावापुढे शून्य. टीका नको, अग्रलेख नको. कामकाजाचे कागद वाचून हा तक्ता करायला माणूस कमी पडत असेल तर मी येईन, मला तेच काम येतं.

आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना मी येत्या रविवारी माझ्या लेखी प्रश्नांची एकेक प्रत नेऊन देणार आहे, पोच घेणार आहे. त्यातला पहिला प्रश्न खाली देतोय. पत्र मोठं झालंय, जागेसाठी वरचं काहीही कापा, पण या ओळी कृपया कापू नका.

(१) जून २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी काही गावांना अद्याप जलशुद्धीकरण केंद्रातील पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, अशी गावे कोणती व प्रत्येक गावास कोणत्या दिनांकापर्यंत असे पाणी मिळणार आहे?
(३) नसल्यास, प्रत्येक गावास ते कोणत्या दिनांकापासून मिळत आहे?
(४) दिनांक निश्चित केलेला नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, किरकटवाडी, पुणे