ओटीवरच्या मोठ्या टीव्हीची लुकलुक

मालवण

प्रिय आबा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ओटीवरचा प्रोजेक्शन टीव्ही लुकलुकायला लागलाय, मेकॅनिक म्हणतो भंगारात घाला, आणि गणपतीला चाकरमानी यायच्या आत तो सुरू व्हायला हवा. भंगारात घालू नकोस, आणि नवा लॅम्पही एवढ्यात मागवू नकोस. लुकलुक नेमकी कुठून येते ते आधी ओळखायचं. त्याला पैसे लागत नाहीत, एक संध्याकाळ लागते.

मोबाईलवर पाठवलेला व्हिडिओ पाहिला, पण त्यावरून निदान करता येत नाही. मागच्या स्टिकरवर डीएलपी लिहिलंय म्हणतोस. या जातीत आतल्या लॅम्पचा उजेड रंगीत काचांच्या फिरत्या चाकातून आणि बारीक आरशांच्या चिपवरून पडद्यावर जातो. लाल, हिरवा, निळा एकामागून एक पडतात, आपला डोळा ते एकत्र करतो, पण कॅमेरा करत नाही. धडधाकट सेटवरही मोबाईल पट्टे दाखवतो. तेव्हा कॅमेरा बाजूला ठेव आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

पहिली गोष्ट, टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवरचं मेनू बटण दाब. सेट-टॉप बॉक्सचा मेनू नको, टीव्हीचाच हवा. मागचं चित्र लुकलुकतंय आणि मेनूची अक्षरं शांत आहेत, तर सेट निर्दोष आहे. बॉक्स, केबल किंवा एचडीएमआयचं भोक यातच दोष. वायर बदल, दुसऱ्या भोकात लाव, काम संपलं. मेनूही चित्राबरोबर लुकलुकत असेल तर मात्र दोष सेटच्या आत आहे किंवा घरातल्या सप्लायमध्ये.

मग सप्लाय बघ. टीव्हीबरोबर ओटीवरचा बल्बही मिचकतो का? विहिरीचा पंप किंवा फ्रीज सुरू झाला की जास्त होतं का? तसं असेल तर टीव्हीला हात लावू नकोस, न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, ढिली आहे असं धरून आधी वायरमन बोलाव. ती पूर्ण सुटली तर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब घरात शिरू शकतो, आणि मग टीव्हीच काय, फ्रीजही जातो. आपल्या जांभ्या जमिनीत अर्थिंगही उन्हाळ्यात कोरडं पडतं. खड्ड्यात पाणी घातलेलं असू दे.

घरचा सप्लाय नीट असेल तर लुकलुकीचं रूप बघ. सगळं चित्र एकदम उजळतं-मंदावतं, की फक्त रंग बिघडतात? सुरुवातीला होऊन थांबतं, की अर्ध्या तासाने सुरू होतं? मेकॅनिक हे विचारत नाहीत म्हणून चुकतात. सगळा उजेड एकसारखा हलतो तर लॅम्प किंवा बॅलास्ट, म्हणजे लॅम्पला वीज पुरवणारा डबा. गार असताना पाचदहा मिनिटं लुकलुकून मग सावरतो तर बोर्डावरचे वीज साठवणारे कपॅसिटर वाळलेत. तापल्यावर सुरू होतं तर पंखा, धूळ किंवा ढिला जोड. रंगच उडतात तर कलर व्हील, म्हणजे ते रंगीत काचांचं चाक.

आता लॅम्प, कारण दहातल्या निम्म्या वेळी चोर तोच निघतो. तो साधा बल्ब नव्हे. वाटाण्याएवढ्या क्वार्ट्झच्या फुग्यात पारा असतो, आणि पेटल्यावर आतला दाब हवेच्या दोनशेपट होतो. टंगस्टनच्या दोन टोकांत जेमतेम एक मिलिमीटरची फट, आणि त्या फटीत ठिणगी सतत जळत असते. नव्या लॅम्पमध्ये टोक नीट असतं, ठिणगी एका जागी उभी राहते. तास भरत जातात तशी टोकं झिजतात, खडबडीत होतात, आणि ठिणगी एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. आरसा त्या एका बिंदूवर बसवलेला असतो. ठिणगी केसभर सरकली तरी पडद्यावरचा उजेड हलतो. तुला दिसते ती लुकलुक हीच असण्याची शक्यता जास्त.

मेनूत लॅम्पचे तास दाखवतात, ते बघ. या टीव्हींच्या लॅम्पला साधारण ६,००० तास धरतात. रोज चार तास टीव्ही चालला तर चार वर्षं. आकडा त्याच्या आसपास असेल तर लॅम्पवर संशय पक्का. पण एक उपाय करून बघ. सेटिंगमध्ये लॅम्प कमी उजेडावर असेल तर तो पूर्ण उजेडावर कर आणि टीव्ही सलग दोन-तीन तास चालू ठेव. कमी वीज मिळाली की टोकं पुरेशी तापत नाहीत आणि ठिणगी भटकते. पूर्ण विजेवर टोक वितळून थोडं सावरतं. लुकलुक थांबली तर लॅम्पच दोषी हे कळलं, आणि गणपतीपुरती तजवीजही झाली.

काढून बघायचा असेल तर प्लग काढ आणि पुरता एक तास थांब. घाई केलीस तर हात भाजेल. मागचं किंवा बाजूचं लॅम्पचं झाकण एकदोन स्टार स्क्रूंनी बसवलेलं असतं, आत लॅम्पच्या घराला आणखी दोन-तीन. हे स्क्रू पुरते बाहेर येत नाहीत, नुसते ढिले होतात, उपटू नकोस. मूठ धरून सरळ ओढ. उजेडाकडे धरून फुगा बघ: काळवंडलाय, दुधाळ झालाय की एका बाजूला फुगलाय? फुगला असेल तर तो पुन्हा लावायचाच नाही, फुटेल. काचेला बोट लावू नकोस. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाक, नाहीतर तेलाचा डाग तापून तिथेच तडा जातो. कधी फुटलाच तर खिडक्या उघडून माणसं बाहेर काढ, अर्धा तास आत जाऊ नका, आणि कोरडी केरसुणी फिरवू नका. आत पारा आहे.

झाकणाच्या आत एक छोटा स्विच असतो, झाकण नीट दाबलं गेलं तरच सेट चालतो. झाकण अर्धवट बसलं की सेट मध्येच बंद पडतो आणि माणूस सप्लाय शोधत बसतो. तो स्विच चिमटा लावून दाबून ठेवायचा, झाकण उघडं ठेवून पेटता लॅम्प बघायचा, हे कुणी सुचवलं तरी करू नकोस. त्या उजेडात डोळे जातात.

नवा लॅम्प घेताना नुसत्या स्वस्ताईला भुलू नकोस. आतला फुगा फिलिप्सचा यूएचपी किंवा ओसरामचा पी-व्हीआयपी आहे का ते विचार. नक्कल फुगा काही महिन्यांत पुन्हा लुकलुकतो, आणि कधी बॅलास्टही घेऊन जातो. तुझ्या जुन्या लॅम्पचं प्लॅस्टिक घर शाबूत असेल तर नुसता फुगा बदलून मिळतो, खर्च बराच वाचतो. बसवल्यावर मेनूतला तासांचा आकडा शून्यावर आणायला विसरू नकोस. मित्सुबिशीने २०१२ च्या डिसेंबरात असे टीव्ही करणं थांबवलं, आणि ती या धंद्यातली शेवटची मोठी कंपनी होती. लॅम्प अजून मिळतात. बोर्ड आणि कलर व्हील जुन्या सेटमधूनच काढावे लागतात.

आता आपल्या किनाऱ्याचं दुखणं. लॅम्प काढलाच आहेस तर त्याचा पिवळट प्लॅस्टिकचा जोड बॅटरीच्या उजेडात जवळून बघ. पितळी पिनांवर हिरवट कळंक चढलाय का? एखादी पिन तपकिरी पडून भोवतालचं प्लॅस्टिक भाजलंय का? खाऱ्या हवेत कळंक चढतो, तिथे वीज अडखळते, पिन तापते, तापली की स्प्रिंग सैल होते, आणि मग ती आणखी तापते. हे चक्र एकदा लागलं की नवा लॅम्पही लुकलुकतो, आणि लोक दुकानदाराला शिव्या देतात. पिन नुसती हिरवी असेल तर मोबाईलवाल्याकडे मिळणारं तेच अल्कोहोल जुन्या टूथब्रशला लावून घास आणि वाळू दे. भाजली असेल तर जोडच बदल. रॉकेल, पेट्रोल, खोबरेल काही लावू नकोस.

हवेच्या जाळ्या बघ. कुंभारीण माशी त्या फटींत मातीचं घर बांधते. चिमटभर मातीने अर्धी हवा अडते. धूळ आणि ओल मिळून पंख्याच्या पात्यांवर जो चिकट थर बसतो तो फुंकून जात नाही. पंखा बोटाने धरून ठेव आणि कोरड्या ब्रशने पातं एक-एक पूस. पातं मोकळं सोडून हवा मारलीस तर पंखा उलटा वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. बॅलास्टच्या डब्याजवळ पाल मेलेली आहे का तेही बघ, उबेला जाऊन बसतात आणि दोन टोकं जोडून टाकतात. सेट भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढ; जांभ्याच्या भिंतीची ओल मागच्या जाळीतून आत जाते.

इतकं करूनही सगळा उजेड हलतच असेल तर बॅलास्ट आणि सप्लाय बोर्ड. हे काम तुझ्या हातचं नाही, पण मेकॅनिककडून काय करून घ्यायचं ते लिहितो. बॅलास्टमधल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ४०० व्होल्टच्या आसपास साठा राहतो. त्याने २.२ किलो-ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावून तो रिकामा करावा आणि मीटरने मोजून मगच हात घालावा. सप्लाय बोर्डावरच्या छोट्या कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत का? फुगलेलं, बुडाशी तपकिरी ओघळ असलेलं प्रत्येक बदलायचं. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांचाच घ्यायचा, ८५ चा चालत नाही. फुगलेला एक निघाला तर त्याच रांगेतले सगळे बदलून घे; तेही त्याच वयाचे आहेत. रिले आणि ट्रान्सफॉर्मरच्या पायांशी ड्राय सोल्डर असतो, टाक्याभोवती केसासारखी गोल रेघ दिसते. त्यावर नवा टाका मारून घे.

रंगच उडत असतील, आणि चालू करताना आतून कर्कश शीळ येत असेल, तर कलर व्हीलचं बेअरिंग. ते चाक मिनिटाला ७,२०० किंवा त्याहून जास्त फेरे घेतं. शीळ नसेल तर चाकाच्या मध्यावरची काळी खूण वाचणारा छोटा सेन्सर धुळीने आंधळा झालेला असतो; कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून हलकेच पुसला की पुष्कळदा भागतं. काचेच्या पाकळ्यांना हात लावायचा नाही. पडद्यावर पांढरे ठिपके असतील तर ती आरशांची चिप, लुकलुकीशी त्यांचा संबंध नाही.

तुझ्या शेजारच्या वाडीत तीन नळ्यांचा जुना, मणभर वजनाचा सेट आहे असं लिहिलंयस. त्याला हे काहीच लागू नाही. त्यात तीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, त्यांना मागचं झाकणही उघडू नका म्हणून सांग.

आणि वीज. पावसात ती दहा वेळा जाते, आणि प्रत्येक वेळी लॅम्प तापलेला असताना पंखा बंद पडतो. लॅम्प वयाआधी मरतो तो यानेच. एक १ केव्हीएचा यूपीएस घे. टीव्ही पाहत बसायला नको, वीज गेली की रिमोटने बंद कर आणि पंखा थांबेपर्यंत एकदोन मिनिटं थांब. यूपीएस नसेल तर वीज परत आल्यावर पंधरा-वीस मिनिटं तरी सेट लावू नका. दहा मिनिटांसाठी लाव-बंद करणंही टाळा, पण पावसाळ्यात रोज तासभर चालवा म्हणजे आतली ओल निघते. मेघ गडगडू लागले की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढायची.

मेनूची अक्षरं लुकलुकतात की नाही, लॅम्पचे तास किती, आणि पिनांचा रंग कोणता, एवढं मला लगेच कळव. पिनांचा फोटो जवळून, भरपूर उजेडात काढ. लॅम्पच लागला तर मुंबईहून येणाऱ्या कुणाकडून तरी आणवता येईल, चतुर्थीआधी वेळ आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र